लेखराम गावासाठी थांबला होता

गोंदियाला हौसेनं जाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या साताऱ्याकडची माणसं कोकणात उतरतात, काशी-रामेश्वर करतात, हल्ली दुबईलाही जाऊन येतात. पण महाराष्ट्राचं पार पूर्वेचं टोक, जिथून पुढे छत्तीसगड लागतं, तिकडे आमच्यातलं कोणी गेलंच तर बदली होऊन. मीही तसाच गेलो होतो, तेविसाव्या वर्षी, तारखात्यातून. तीन वर्षं काढली, बदलीचा हुकूम आला तेव्हा पेढे वाटले आणि पुढची चाळीस वर्षं त्या दिशेला पाठ करून राहिलो. परवा पुन्हा जाऊन आलो. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर निम्मं स्वतःसाठीच लिहितो आहे.

निमित्त लेखरामच्या जाण्याचं. लेखराम हॉकी खेळायचा. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि तुम्ही ते ऐकलेलं नाही यात माझा हात आहे. तेच कबूल करायला मी गेलो होतो.

भाऊलालचा निरोप मोबाइलवर आला : "लेखराम गया. शुक्रवार को तेरवी. आके जाव." भाऊलाल हा माझा त्या काळातला दोस्त आणि लेखरामचा पहिल्या नंबरचा भक्त. दोन वर्षांपूर्वी त्यानं कुठून तरी माझा नंबर मिळवला होता आणि रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवून मला हैराण केलं होतं. निरोप वाचून मी बायकोला म्हणालो, "शुक्रवारी लेखरामचं तेरावं आहे, गोंदियाला जायला हवं."

ती म्हणाली, "त्या लेखरामचं नाव निघालं की तुम्ही पाणी प्यायला उठता. आणि आता एकदम गोंदिया?"

बायकोपासून काही लपत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी नुसती बॅग काढली.

गोंदिया

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी गाडी साताऱ्याला मिळते. त्या प्रवासाबद्दल एवढंच सांगतो की अख्खं राज्य आडवं ओलांडेपर्यंत माझं आणि माझ्या कमरेचं बोलणं बंद झालं होतं. फलाटावर भाऊलाल उभा होता. डोक्याला मफलर, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि वय लपवण्याची काही खटपट नाही.

"आप तो बिलकुल बुढ्ढे हो गये, तारबाबू!"

"तू काय बोहल्यावर चढायला निघाला आहेस?" मी म्हणालो. तो हसला, मग मिठी मारली, मग एकदम रडायला लागला. हमाल बाजूनं निघून गेले. आमच्याकडे दोन म्हातारे फलाटावर असे रडले असते तर चार माणसं काय झालं म्हणून गोळा झाली असती.

गोंदिया मराठी मुलखात आहे हे तिथल्या पाट्यांवरून कळतं. माणसं मात्र हिंदीत बोलतात. भाऊलाल शहरात हिंदी बोलतो, शहराची हद्द संपली की झाडीबोलीवर, म्हणजे तिकडच्या मराठीवर येतो, आणि चिडला की दोन्ही. त्यानं मला स्टेशनबाहेर पोहे खायला नेलं. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात, लिंबाची फोड ठेवतात, संपलं. इथे पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात. मी नको म्हणेपर्यंत भाऊलालनं "तर्री और डालो" सांगून टाकलं होतं. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"रो लो जी," भाऊलाल म्हणाला. "मैं तो बारा दिन से रो रहा हूँ."

गोरेगावची वाट

मोटरसायकलवर भाऊलालच्या मागे बसून त्यांच्या गावाकडे निघालो. धान कापून झालं होतं. दोन्ही बाजूंना रिकामे बांध आणि मधूनमधून धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या भाराच्या गोल रचलेल्या राशी. आमच्याकडची शेतं उतरत उतरत जातात. इथे जमीन इतकी सपाट की पाण्यालाही कुठे जावं ते कळत नसेल. मला हा देखावा तरुणपणी कंटाळवाणा वाटायचा. आता आवडला. तेव्हा आपल्याला काय काय कंटाळवाणं वाटत होतं, या विचारानं थोडा राग आला स्वतःचा.

गोरेगावच्या (मुंबईच्या नव्हे, इथल्या) अलीकडे मोटरसायकलची साखळी उतरली. बाजाराचा दिवस होता. रस्त्याकडेला भाजीची, मडक्यांची, सुक्या मासळीची दुकानं मांडलेली. भाऊलाल रस्त्यावर मांडी घालून साखळी बसवायला लागला आणि मी शेजारच्या टपरीवर टेकलो. टपरीवाला माझ्याच वयाचा. कुठे निघालात म्हणाला. लेखरामच्या तेरवीला, म्हणालो. त्यानं चहाचं भांडं चुलीवरून खाली ठेवलं.

"लेखराम? तो तं वेडा होता जी!" आणि लगेच सांगायला लागला. "आमच्या इथं मॅच होती. हा बॉल घेऊन निंगाला. एकाले चकवलं, दुसऱ्याले चकवलं, सगरे मागं पडले. गोलकीपर धावत आला अना घसरून पडला. समोर गोल उघडा! आता मारून दे ना, बाप्पा! तं हा थांबला. गोलकीपरले इचारते, 'लागलं का गा?' तेवढ्यात मागून एकानं बॉल नेला. हारले!"

"एका गोलानं," खालून भाऊलाल म्हणाला.

"एका गोलानं!" टपरीवाला मांडीवर थाप मारून म्हणाला. दोघं इतकं हसले की गिऱ्हाईकं बघायला लागली. मग टपरीवाल्यानं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं.

असा होता तो. मी पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा तो अनवाणी होता आणि हातात बांबूच्या बुडख्यातून तासलेली वाकडी काठी. त्या काठीला चेंडू चिकटून असायचा. जायचा तो असा की अडवणारा माणूस स्वतःच बाजूला झाला असं वाटावं. पुढे पुढे विकतची स्टिक आली, बूट आले, नागपूरपर्यंत नाव गेलं. पण चारातल्या एका मॅचला तो असा खेळायचा. उरलेल्या तीनांत कधी मैदानाच्या कडेला ओळखीच्या माणसाशी बैलाबद्दल बोलत उभा राहायचा, कधी मध्यंतरानंतर यायचा, कधी यायचाच नाही. आम्ही दहा-पंधरा जण त्याच्यामागे गावोगाव सायकली हाकत जायचो आणि परत येताना त्याला शिव्या घालायचो.

"पन एक डाव त्यानं आपल्यासाठी जे केलं ना," साखळी बसवून हात पुसत भाऊलाल टपरीवाल्याला म्हणाला, "ते कोनी नाई करत. देशाच्या संघाच्या शिबिराले बोलावलं होतं त्याले. तार आली होती. नाई गेला. मंडईची मॅच खेळला आधी. गावासाठी थांबला तो. इचारा या तारबाबूले, यायनंच तार देल्ली होती."

टपरीवाल्यानं माझ्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. मी चहा पीत राहिलो.

आता खरं ते सांगतो. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते. जत्रा, दंडार हे तिकडचं लोकनाट्य, नाच, आणि आमच्या त्या गावात हॉकीची मॅच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या वर्षी मंडई रविवारी होती आणि समोर शहरातला संघ होता, ज्याच्याकडून आम्ही ओळीनं तीन वर्षं हरलो होतो. गुरुवारी दुपारी मी तिथल्या तारघरात यंत्रावर बसलो असताना लेखरामची तार आली : शनिवारी सकाळी शिबिरात हजर व्हा. मी ती कागदावर उतरवली आणि पत्ता पाहून उठलो. मग पुन्हा बसलो. शिबिर पंधरा दिवसांचं, दोन दिवस उशिरा गेला तर काय बिघडतं, अशा खेळाडूला कोण परत पाठवतो, असं मी स्वतःशी म्हणालो. तारा वाटणारा शिपाई मंडईच्या रजेवर होता. तार मी खिशात ठेवली. रविवारी मॅच झाल्यावर, लोकांनी लेखरामला खांद्यावरून उतरवल्यावर, मी स्वतः जाऊन त्याला दिली. तार इंग्रजीत होती, तो चौथी शिकलेला. वाचून मीच दाखवली. कधी आली ती तारीख वाचली नाही.

तो त्याच पावली निघाला. सहा दिवसांनी परत आला. उशीर झाला म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. तार आधीच मिळूनही तो मंडईसाठी थांबला, असं गावानं धरून घेतलं.

एवढंच. पुढे तीन महिन्यांत माझी बदली झाली. सांगायला वेळ नव्हता असं नाही. सांगितलं नाही.

गाव

संध्याकाळी भाऊलालच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि वर पुन्हा भात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी पाहुण्यासारखी वाटते. गोरी, मऊ, आणि पोट भरलं की नाही ते सांगत नाही. भाऊलालच्या सुनेनं "अजून घ्या जी" म्हणून तिसरी वाढली आणि मी नको म्हणताना हात मध्ये घातला तो थेट गरम वरणात. सगळं घर थंड पाणी घेऊन धावलं. इतक्या मायेच्या माणसांत आपण काय घेऊन आलो आहोत, असं मला सारखं वाटत होतं.

"लेखरामभाऊ शेवटी शेवटी काही म्हणायचा का? त्या शिबिराबद्दल?" मी भाऊलालला विचारलं.

"कायले मनते? कोनी इचारलं का हसे नुसता. दुसऱ्या सालीबी बोलावनं आलं होतं, तवा गेलाच नाई. 'मी कवाच वेळेवर नाई पोचत, मंग कायले जाऊ?' मने. खेळनंबी हळूहळू सुटलं. मंग ठेक्याची धानाची शेती केली, तेबी अशीच. एक साल भरपूर, एक साल काहीच नाई." भाऊलालनं ताटात हात धुतला. "पन माणूस मोठा. देश सोडला, गाव नाई सोडलं."

मी चाळीस वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आलो होतो. तार गुरुवारी दिली असती तरी हा पठ्ठ्या गेला नसता. रस्त्यात कुठे तरी बैल बघत उभा राहिला असता. दर वेळी ही गोष्ट मला पटायची, पण चार-सहा महिन्यांनी पुन्हा नव्यानं सांगावी लागायची.

तेरवी

लेखरामचं घर गावाच्या शेवटी, कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. ओट्यावर त्याचा फोटो ठेवला होता, आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. खेळतानाचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. त्या फोटोत तो घाबरल्यासारखा दिसत होता, जसे आपण सगळेच त्या कार्डावर दिसतो.

आमच्याकडे कोणी गेला की माणसाला लगेच देवपण येतं. शोकसभेला माईक असतो, अध्यक्ष असतो, आणि ज्यांनी जन्मभर त्या माणसाशी भांडण केलं ते "उमदं व्यक्तिमत्त्व" म्हणतात. इथे जेवणाच्या पंगती उठल्या, बुंदी संपली, आणि म्हातारी मंडळी सतरंजीवर बसून मेलेल्या माणसावर तुटून पडली. एकानं सांगितलं की लेखराम स्वतःच्या लग्नाला दीड तास उशिरा आला, कारण वाटेतल्या गावात पोरं खेळत होती आणि हा वरात सोडून हळदीच्या अंगानं खेळायला उतरला. दुसऱ्यानं त्याला "हरामखोर" म्हटलं, डोळे पुसत. फायनलमध्ये लेखरामनं सोपे पाच गोल चुकवले आणि परतताना बसमध्ये पूर्ण वाट गाणी म्हणत आला, हे तो अजून विसरला नव्हता.

"त्याच्यात होतं का नाई होतं, ते सांगा!" भाऊलाल मध्येच ओरडला.

"होतं ना! मनूनच तं राग येते," तो म्हणाला.

आणि मग सगळे त्या रविवारच्या मॅचवर आले. हे होणारच होतं. प्रत्येकाला ती पाठ होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करत होता. चार गोल. चारही एकट्याचे. त्या दिवशी तो कोणाशी बोलला नाही, कोणाकडे पाहून हसला नाही, पडलेल्या माणसाला लागलं का म्हणून विचारलं नाही. वाऱ्यासारखा नव्हे, एखाद्या कामाला लागलेल्या माणसासारखा खेळला. तिसऱ्या गोलानंतर शहरातल्या संघाचा कप्तान हात जोडून उभा राहिला. मी तिथेच होतो. उजव्या गोलपोस्टच्या मागे, तार खिशात. इतका सुंदर खेळ मी पुन्हा कधी पाहिला नाही, आणि अजूनही डोळे मिटले की दिसतो, हे लिहिताना लाज वाटते.

"त्या दिवशी आपल्यासाठी खेळला तो," भाऊलाल म्हणाला. "शिबिर सोडून. तारबाबू, तुमी सांगा दोन शब्द."

सगळे माझ्याकडे वळले. उघड्या दारातून आतली बायामाणसंही दिसत होती. उंबऱ्याशी पारबताबाई बसल्या होत्या, लेखरामची बायको. कपाळ रिकामं, नजर माझ्यावर. मी उभा राहिलो. हेच बोलायला मी एवढ्या लांब आलो होतो. घसा साफ केला आणि म्हणालो, "असा खेळ पुन्हा होणे नाही." आणखी काही तरी असंच साताऱ्याकडचं बोललो आणि खाली बसलो. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं माझा हात हातात धरून ठेवला.

त्या गर्दीत सांगणं बरं दिसलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. मला माझाच संताप आला, पण हात मात्र सोडवून घेतला नाही.

निघायचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी पारबताबाईंचा निरोप घ्यायला गेलो. भाऊलाल मोटरसायकल अंगणात उभी करून माझ्याबरोबर आला. बाई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होत्या. आदल्या दिवशीच्या गर्दीनंतर घर फार मोठं वाटत होतं.

"बसा जी. च्या ठेवते सून."

"चहा नको, वहिनी. मला काही सांगायचं आहे. ते आधी सांगतो."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा काही तरी भलतंच बोललो असतो. तार गुरुवारी दुपारी आली होती. मी ती रविवारी संध्याकाळी दिली. लेखरामला रविवारपर्यंत काहीही माहीत नव्हतं. तीन वाक्यांत संपलं. चाळीस वर्षं मला ते फार लांबलचक वाटत होतं.

पहिल्यांदा भाऊलालच बोलला. "मंजे?" तो म्हणाला. "मंजे तो आपल्यासाठी नाई थांबला?"

"नाही."

"त्याले मालूमच नव्हतं?"

"नाही, भाऊलाल."

तो ओट्याच्या कडेवर टेकला. खर्रा थुंकला, तोंड पुसलं. "मी सगऱ्या गावाले सांगून राहिलो जी. नातवायले सांगून राहिलो. कालबी सांगतलं." मग माझ्याकडे पाहिलं. तो माझ्यावर कधी चिडला नव्हता, तेव्हाही चिडला नाही, नुसतं विचारलं, "काऊन केलं असं, तारबाबू?"

मी खूप कारणं तयार करून आणली होती. शिबिर पंधरा दिवसांचं होतं, शिपाई रजेवर होता, गाव तीन वर्षं हरत होतं. तोंडातून वेगळंच निघालं. "मला ती मॅच बघायची होती."

भाऊलाल उठला आणि मोटरसायकलपाशी जाऊन उभा राहिला. पाठ आमच्याकडे.

पारबताबाईंचं पाखडणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. सूप मांडीवर होतं. "गुरुवारी?" त्या म्हणाल्या.

"गुरुवारी दुपारी."

"त्यायची थैली आठ दिवसांपासून भरून होती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरला नाही. "कोनीतरी सांगतलं होतं का तुहं नाव येनार. आमचं लगन होऊन सहाच महिने झाले होते. मी लाडू बांधून देल्ले होते तांदराचे. रोज सकारी उठून दाराशी बसे, पोस्टमन येते का मनून. आंग धुऊन, बूट घालून. इतवारी मनले, 'माहं नाव नाई आलं पारबता.' लाडू काढले, खाऊन टाकले, अना गेले खेलाले."

म्हणजे तो त्या दिवशी कोणाकडे का पाहत नव्हता, ते मला कळलं. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आणि माझी ती जुनी गोष्ट, लेखराम गेला नसताच ही, तिथेच संपली. तो आठ दिवस बूट घालून बसला होता. जन्मात एकदाच तो माणूस वेळेवर तयार होता, आणि नेमकं तेव्हाच त्याला माझ्यामुळे उशीर झाला.

"वापस आले तवा मले सांगतलं त्यायनं," पारबताबाई म्हणाल्या. "'तार इतवारी आली, मी काय करू?' मने. मी मनली, खोटं नोका बोलू. तार आधीच आली असन, तुमाले मंडईत मिरवाचं होतं. लगनाले उशिरा आले तवाबी तुमी असंच मनले होते. तं मने, 'तारबाबूले इचार. त्याले मालूम आहे.'"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला खाली बघता आलं नाही.

"मी नाई आली इचाराले. मी त्यायले मनली, कायले इचारू? मी का तुमाले ओरखत नाई?"

बाहेर रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. आत सून चहाची भांडी हलवत होती. मी म्हणालो, "वहिनी, चूक माझी आहे. मला क्षमा करा म्हणायचंही तोंड नाही, पण..."

"तुमचं रावू द्या," त्या म्हणाल्या. तुटकपणे नाही, हातातलं काम आधी उरकावं तसं. "तुमी सांगून मोकरे झाले. बरं केलं. माहं ऐका. तेरा दिवसांमागं यायले दवाखान्यात न्यावाले जीप आली. छातीत दुखून राहिलं होतं. यायले सदरा घालाले वेळ लागून राहिला, बटनच लागेना. जीपवाला हॉर्न वाजवून राहिला. मी वरडली. मनली, 'जल्मभर एका जागी वेळेवर नाई गेले तुमी. शिबिराची गाडीबी अशीच गमावली. आता मराले तरी वेळेवर चला.'"

त्यांनी सुपातले तांदूळ हातानं सारखे केले, पुन्हा पुन्हा.

"काई नाई बोलले. बटन तसंच सोडलं अना जीपमंदी बसले. देवरीच्या दवाखान्याच्या वाटंवरच गेले."

भाऊलाल आता वळून आमच्याकडे पाहत होता. सून कपबशी घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

"चालीस वर्सं बोलली मी त्यायले हेच," पारबताबाई म्हणाल्या. "तुमी निदान इथं तरी आले, मले सांगाले. आता मले माफी मांगाची आहे. मी कोनाकडं जाऊ, सांगा तारबाबू."